मॅडिसनचे गॅदरिंग आणि ‘फेमफॅन’

मे महिन्याचा शेवट जवळ आला की शिकागोच्या आमच्या घरी मॅडिसनला जाण्याची तयारी सुरू होत असे. विस्कॉन्सिनच्या या राजधानीत १९७७ साली सुरू झालेले ‘विसकॉन’ हे स्त्रीवादी विज्ञानकथाप्रेमींचे संमेलन आम्ही सहसा चुकवत नसू. शुक्रवारी दुपारच्या स्नेहमेळाव्याला तिथेही ‘गॅदरिंग’च म्हणत, आणि त्यात पुस्तकांच्या गप्पांइतकीच कपड्यांच्या अदलाबदलीचीही धांदल असे.

मला सर्वांत प्रिय होते ते खाऊच्या विक्रीचे टेबल. स्त्री-पुरुष भेदाचा नव्याने विचार करणाऱ्या विज्ञानकथांना मिळणाऱ्या, १९९१ साली स्थापन झालेल्या टिपट्री पुरस्कारासाठी तिथे घरचे केक, बिस्किटे विकून पैसे उभे केले जात, आणि माझ्या नारळाच्या वड्याही त्यांत मांडल्या जात. जुन्या बायका तिथे निवांत बसत आणि त्यांच्या बोलण्यात ‘फेमफॅन’ हा शब्द सहज येई. अमेरिकेत १९४०च्या दशकात विज्ञानकथांचा चाहता पुरुष नुसता ‘फॅन’ असे, बाई मात्र ‘फेमफॅन’. शब्द लाडाचा होता, हे मी मानते. पण बाई म्हणजे अपवाद, हेही त्यातच आले, आणि ते मला आजही खुपते.

खरे तर त्या अपवाद कधीच नव्हत्या. १९३९ साली न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ‘मोरोजो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मर्टल डग्लस यांनी स्वतः शिवलेला भविष्यकाळातला पोशाख घातला होता, आणि सोबत आलेल्या फॉरेस्ट अ‍ॅकरमन यांचा पोशाखही त्यांनीच शिवला होता. आज लाखो तरुण ज्याला कॉस्प्ले म्हणतात, त्याची सुरुवात अशी एका बाईच्या हातून झाली.

ली हॉफमन यांची गोष्ट तर त्या टेबलाशी पुन्हापुन्हा निघे. जॉर्जियातल्या सॅव्हाना गावी राहून ही मुलगी ‘क्वॉन्ड्री’ नावाचे चाहत्यांचे नियतकालिक काढी, आणि ती प्रत मिमिओग्राफवर, म्हणजे स्टेन्सिलने प्रती काढायच्या यंत्रावर, छापून टपालाने देशभर जाई. ‘ली’ म्हणजे पुरुषच, असे वाचकांनी परस्पर गृहीत धरले होते. १९५१ साली न्यू ऑर्लिन्सच्या संमेलनात एकोणीस वर्षांची ली प्रत्यक्ष समोर उभी राहिली, तेव्हा भले भले थक्क झाले. अंक वाचताना कुणालाही ती ‘फेमफॅन’ वाटली नव्हती; ती सर्वांना आपल्यातलीच एक उत्तम संपादक वाटली होती, आणि मॅडिसनच्या बायका ही गोष्ट सांगताना नेमक्या याच ठिकाणी आवाज चढवत.