मोझेइकवरची चूल

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये, एका मेंढ्यांच्या कुरणात, आमचं एका रोमन व्हिलाचं उत्खनन चालू होतं. रोमन व्हिला म्हणजे खेड्यातल्या जमीनदाराचा वाडाच: शेतीवाडी, हमामखाना, आणि थंडीसाठी फरशीखालून गरम हवा खेळवलेल्या खोल्या. मी मोठ्या दालनातली माती ट्रॉवेलने खरवडत होते, तेवढ्यात मोझेइक (रंगीत तुकडे जडवलेली नक्षीदार फरशी) दिसायला लागलं. पांढरे तुकडे चुनखडीचे, निळसर करडे लायस दगडाचे, लाल चक्क कौलांचे. पाणी शिंपडलं की रंग उजळायचे. कडेची वेणीची नक्षी छान वळणं घेत आली आणि मध्येच गायब! तिथे परातीएवढा काळा डाग, तडकलेले तुकडे, वर राखेचा थर. कुणीतरी थेट मोझेइकवर चूल पेटवली होती.

सगळे हळहळले. सुपरवायझर बाई मात्र खूश.

जुने उत्खननकार अशा चुली घुसखोरांच्या ठरवून मोकळे व्हायचे आणि राख फेकून फरशी धुऊन काढायचे. मला ते कायम खटकत आलंय. घुसखोर कशावरून? घरचीच माणसं कशावरून नसतील? 402 नंतर ब्रिटनमध्ये नवी नाणी येणं जवळपास थांबलं, 410 च्या सुमारास रोमन सत्ताही गेली, मडकी बनवणारे मोठे उद्योग बसले. नाणं नाही, खापर नाही. मग पाचवं शतक ओळखायचं कसं? कोळशावरून: त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढता येतं. याच जिल्ह्यातल्या चेडवर्थ व्हिलात भिंतीच्या पायाच्या चरात मिळालेला कोळसा आणि हाडं तपासली, तेव्हा ती भिंत 424 नंतरची निघाली. म्हणजे तिला लागून घातलेलं मोझेइकही त्यानंतरचंच! रोम गेल्यावरही कुणीतरी हौसेने नवी फरशी करून घेत होतं.

मग दुपारभर चिमट्याने काटक्या वेचल्या. तुळईचा कोळसा नको, कारण झाड शंभर वर्षं जुनं असेल तर तारीखही तेवढी मागे सरकते. बारीक काटकी, हेझलनटचं टरफल उत्तम. ते फॉइलमध्ये गुंडाळलं, उरलेली राख बादल्यांत भरली. पाण्यात ढवळली की जळके दाणे वर तरंगतात.

चारच्या सुमारास पाऊस आला, तेव्हा ताडपत्री आधी राखेवर गेली, मोझेइकवर नंतर. बघायला आलेल्या शेतमालकाला हे अजिबात पटलं नाही.