बियाचं तवसं

काल दुपारी जेवणानंतर पोस्टाचं पासबुक शोधत होतो. कपाटाच्या खालच्या खणात हात घातला आणि एका लग्नपत्रिकेच्या पाकिटातून बिया घरंगळल्या. चपट्या, पांढुरक्या, टोकांना निमुळत्या. तवशाच्या, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या गावठी काकडीच्या, की चिबडाच्या, देव जाणे. पाकिटावर 'चि. सौ. कां.' सोडून काही लिहिलेलं नाही, आणि या दोन्हींच्या बिया इतक्या सारख्या की बघून कळायचं नाही.

ही माझी जुनी खोड. चांगलं फळ खाल्लं की बी टाकवत नाही. कुडाळातल्या फ्लॅटच्या खिडकीत कायम काहीतरी वाळत पडलेलं असतं. "परडं नाय, माटव नाय, पेरतलास खंय? डोक्यार?" असं बायको विचारते. तिचं बरोबर आहे.

पण ज्यानं लहानपणी चिंधी बांधलेलं तवसं बघितलंय, त्याची ही खोड जायची नाही. आमची आजी मांडवावरचं एक सरळ, भरदार तवसं आधीच हेरून ठेवायची आणि त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ते बियाचं. बाकीची आम्ही मीठ लावून मांडवाखालीच फस्त करायचो, पण त्याच्याकडे नजर गेली तरी ओटीवरून आवाज यायचा, "त्या तवश्याक हात लावलंस तर बघ!" गणपती यायचे, त्यांच्या डोक्यावरच्या माटवीला, म्हणजे फळं-पानं टांगायच्या चौकटीला, दुसरंच तवसं टांगलं जायचं, गणपती जायचे, आणि हे आपलं वेलीवरच. हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तांबूस. सालीवर बारीक भेगांची जाळी. सगळ्यात चांगलं फळ मुलांच्या तोंडातून काढून पुढच्या पावसासाठी ठेवायचं, यातला कठोरपणा तेव्हा फार छळायचा.

मग एक दिवस ते उतरायचं. आजी उभं चिरून बोटांनी गर ओरबाडायची. बुळबुळीत बिया राखेत चोळून, शेणाच्या गोळ्यात घोळवून चुलीमागच्या भिंतीवर थापायची. वर्षभर धूर खाऊन ती थापटी काळी पडायची, पण कीड शिवायची नाही. आणि उरलेलं तवसं किसून, तांदळाच्या रव्यात गूळ घालून, टोपात हळदीच्या पानावर. खाली विस्तव, झाकणावर निखारे. तवसळी! इतक्या दिवसांच्या उपासाचा मोबदला. कडेचा करपट तुकडा माझा.

म्हणजे खरं तर तवसळीनंच बी सांभाळलं. पिकलेलं तवसं घरात यायचं एक चविष्ट कारण होतं, म्हणून कुणीतरी ते वेलीवर ठेवायचं. बाजारातली काकडी कोवळी तोडलेली. तिचं बी कच्चं, ते रुजत नाही आणि तिची तवसळीही जमत नाही. पुडीतलं संकरित बी पेरलं तर वेल झकास येतो, पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी काय उगवेल त्याचा भरवसा नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात गावठी बी जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या प्रत्येकानं त्यांचा फोटो पुढे पाठवला होता. त्याच मंडळींनी मिरगाला दुकानातून पुड्या आणल्या. शेतकऱ्यानं घरचं बी ठेवावं, पेरावं, एकमेकांना द्यावं, याला २००१ च्या वाणहक्क कायद्यानं मोकळीक आहे. पण कायदा काही तवसळी करत नाही.

आजी थापटी फोडली की चार घरी बिया वाटायची. उदारपणा वगैरे काही नाही, हिशेब होता. एखाद्या वर्षी आपला वेल कुजला, उंदरांनी बी खाल्लं, तर शेजारच्या काकींकडे हक्कानं मागता यायचं.

पण मागायला मिरगात समोरचं घर उघडं लागतं. आमच्या वाडीतली निम्मी घरं आता गणपतीत उघडतात. तेव्हा बी मागून करायचं काय? मोदक खायचे आणि यायचं परत.