दिल्लीची लाइन

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी मी पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडून देणाऱ्या टेलिफोन केंद्रात, सकाळच्या पाळीला होते. दिवाळी होऊन आठवडाच उलटला होता आणि मैत्रिणींच्या डब्यांतून अजून शंकरपाळे निघत होते. साडेदहाच्या सुमारास दिल्लीच्या बोर्डावरची ऑपरेटर, जिच्याशी माझी ओळख केवळ आवाजाची होती, कॉल जोडता जोडता अगदी हळू म्हणाली, "मॅडम को गोली मारी है, घर पर ही." कोणत्या मॅडम, हे मला विचारावे लागले नाही.

थोड्याच वेळात बोर्डावरचे दिवे विझेनासे झाले. ऑपरेटरशिवाय थेट फिरवायची एसटीडी लागत नसल्यामुळे जो तो १८० फिरवून ट्रंक बुक करत होता, आणि एरवी आठपट दरामुळे क्वचितच मागितले जाणारे, सर्वांत आधी जोडायचे लाइटनिंग कॉल त्या दिवशी साधी माणसेही मागत होती. प्रत्येकाचा प्रश्न एकच होता : "खरे आहे का हो?" लाइनवर कानी पडलेले बाहेर सांगायचे नाही, ही आमची शपथ, म्हणून मी प्रत्येकाला "कॉल बुक झाला आहे, थांबा" एवढेच म्हणत राहिले. बीबीसीने इंदिराजी गेल्याचे दुपारीच सांगितले होते, आकाशवाणीने मात्र ते संध्याकाळी सहाला सांगितले. मधले ते तास अफवांच्या हाती द्यायला नको होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

गोळ्या झाडणारे बेअंत सिंग आणि सतवंत सिंग त्यांचेच अंगरक्षक होते. त्या दोघांच्या गुन्ह्यासाठी दिल्लीत शीख वस्त्यांवर जे तुटून पडले, त्यात मारल्या गेलेल्यांचा सरकारी आकडाच पुढे २,७३३ ठरला. आमच्यापर्यंत तो आकडा नव्हे, तर उत्तर न मिळणाऱ्या घंटा पोहोचत होत्या.

१ नोव्हेंबरला नाना पेठेतून एका सरदारजींनी पी. पी. कॉल, म्हणजे ठरावीक व्यक्तीलाच बोलावून जोडायचा कॉल, बुक केला. गाड्यांच्या सुट्या भागांचे त्यांचे दुकान होते आणि मराठी आमच्याइतकेच स्वच्छ होते. बहीण पश्चिम दिल्लीत राहत होती, तिच्या घरी फोन नव्हता, म्हणून नंबर शेजाऱ्यांचा होता. दिवसभरात दिल्लीचे सर्किट, म्हणजे मोकळी लाइन, दोनदा मिळाले आणि दोन्ही वेळा घंटा वाजत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा बुकिंग केले. "ताई, रात्री कितीही वाजता लागला तरी द्या, मी फोनपाशीच बसलो आहे," असे ते म्हणाले. पाळी संपताना मी ते तिकीट, म्हणजे त्या कॉलच्या नोंदीची चिठ्ठी, पुढच्या पाळीच्या मुलीच्या हातात दिले. एरवी आम्ही तिकिटे खणात ठेवून जात असू.

३ तारखेला, इंदिराजींच्या अंत्यसंस्काराच्या दिवशी, माझी दुपारची पाळी होती. संध्याकाळी सातच्या पुढे दिल्लीहून एका बाईने फोन उचलला. मी बहिणीचे नाव सांगताच ती घाबरून गप्प झाली. "पुण्याहून त्यांचे भाऊ बोलत आहेत," असे मी दोनदा हिंदीतून सांगितले, तेव्हा तिने रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आले नाही. बहीण त्या शेजारणीच्याच घरात, आतल्या खोलीत, तीन दिवस मुलांसह लपून होती, हे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले.

ती फोनवर आली. मी कॉर्ड लावून "बोला, दिल्ली आली आहे" म्हटले, पण दोघांच्याही तोंडून शब्द निघेना. लाइन तुटली की काय, हे पाहण्यासाठी बोर्डावरची कळ दाबून ऐकणे हे आमचे कामच होते. मी ऐकले तेव्हा दोन्हीकडे फक्त श्वास होता. नियमाने कॉलचे पैसे ज्यावर आकारायचे ती वेळ जोडणी झाल्यापासून धरायची असे आणि तीन मिनिटांनी मध्ये बोलून, आणखी बोलायचे आहे का, असे विचारायचे असे. घड्याळात तीन मिनिटे होऊन गेली, तेव्हा सरदारजींनी विचारले, "ताई, लाइन आहे ना?"

"आहे. बोला तुम्ही," मी म्हणाले, आणि तिकिटावर सुरुवातीची वेळ लिहिली.