भर पावसात कुंडलिकेवर

कोलाडला राफ्टिंगला जाणाऱ्यांनी महामार्गाचे खड्डे गृहीतच धरावेत. आमचे पहाटेचे चार तास त्यातच गेले.

साजे गावात उतरलो तेव्हा समोरचा डोंगर दिसत नव्हता, एवढा पाऊस. कुंडलिका नदी गढूळ, फुगलेली. त्यात जॅकेट वाटणाऱ्याने बाबांच्या हातात दिलेल्या जॅकेटचं मधलं बक्कलच लागेना. "चालतंय काका, दोन लागलीत ना," म्हणाला. माझं डोकंच फिरलं. सत्तरीच्या माणसाला असल्या पाण्यात सोडताना हे बोलवतं कसं?

आमचा गाईड गावातलाच, जेमतेम पंचविशीचा. त्याने ते जॅकेट काढून बाजूला फेकलं, ढिगातून दुसरं शोधलं, एकेक पट्टा करकचून आवळला. मग खांद्याजवळ दोन्ही हातांनी धरून जॅकेट वर ओढलं. तसूभरही सरकलं नाही. "आता बसा, आजोबा." मग हेच त्याने आमच्या सगळ्यांचं केलं. त्या मुलाचे आभार मानावेत तेवढे थोडे.

पहिल्याच उतारावर लाट अंगावर आली. "गेट डाऊन!" वहिनीने दोरी धरली ती सोडलीच नाही. लेक मात्र ओरडत, हसत वल्हं मारत होती.

पाणी जरा संथ झाल्यावर बाबा बोलू लागले. नदीत भिरा वीजघरातून सुटलेलं हे पाणी मुळशी धरणाचं. एरवी ते मुळा, भीमा करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. डोंगरातून ते इकडे कोकणात सुमारे ५०० मीटर खाली आणलं आणि १९२७ पासून त्यावर मुंबईसाठी वीज तयार होतेय. "उन्हाळ्यात तर या पाण्यावरच आमची चूल पेटते," गाईड म्हणाला.

बाबा पुढे म्हणाले, "आणि त्या धरणात जमिनी गेल्या म्हणून १९२१ साली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पुढारी कोण? सेनापती बापट."

आम्ही दादरला सेनापती बापट मार्गावर राहतो. जन्मभर हा पत्ता लिहितेय. फॉर्मवर, पाकिटावर, टॅक्सीवाल्याला सांगताना. आमच्या घरातल्या दिव्यासाठी कुणाची तरी भातखाचरं पाण्याखाली गेली आणि त्यांच्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाचं नाव आमच्या दारावरच्या रस्त्याला आहे, हे मला त्या राफ्टमध्ये, नखशिखांत भिजलेली असताना उमगलं. खूप वाईट वाटलं.

"फॉरवर्ड! जोरात!" गाईड ओरडला आणि पुढचा उतार आला.

जेवणात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती, फार चवदार. लेक बाबांना बुडालेल्या गावांची नावं विचारत होती. दिवाळीनंतर मुळशीला जायचं ठरलंय.