वॉर्सात वळिवडे

पोलंडच्या वॉर्सा शहरात आमच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आला. प्राग, क्राकोव्ह, मिठाची खाण हे सगळं त्याआधी होऊन गेलं होतं. ते सुंदर होतं आणि त्याबद्दल भरपूर लोकांनी लिहिलंय. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत वॉर्साच्या ओल्ड टाऊनला पाऊण तास आणि मॉलमधल्या खरेदीला दोन तास होते. ते वाचून मला घरीच राग आला होता. मॉलचे दोन तास आपण आपले वेगळे फिरायचं, हे आम्ही दोघांनी निघण्याआधीच ठरवून टाकलं. मला त्या शहरात एक फलक बघायचा होता.

आधी ओल्ड टाऊनबद्दल सांगते, कारण तिथे माझं एक ठाम मत बदललं. पुन्हा बांधलेलं म्हणजे खोटं, असं मी मानत आले होते. वॉर्साचा हा भाग तर जवळजवळ सगळाच दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने बांधलेला. 1944च्या ऑगस्टमध्ये शहर जर्मनांविरुद्ध उठलं, 63 दिवस लढलं, आणि उठाव मोडल्यावर जर्मनांनी उरलेली घरं ठरवून, एकेक करून उडवली. राजवाड्याच्या भिंतींना भोकं पाडून सुरुंग लावले. युद्धानंतर लोकांनी बेलोत्तो या चित्रकाराची अठराव्या शतकातली शहराची चित्रं समोर ठेवली, युद्धाआधी विद्यार्थ्यांनी मोजमापं घेऊन काढलेले नकाशे शोधले आणि चौकातली घरं पुन्हा उभी केली. 1953 साली चौक झाला. राजवाडा लोकवर्गणीतून बांधला, तो 1984 साली लोकांसाठी उघडला.

हे सगळं गाइड माइकवर सांगत होती. माझं लक्ष मात्र राजवाड्याच्या कडेला गवतावर आडव्या पडलेल्या दगडी खांबांकडे गेलं. समोर राजा झिग्मुंटचा उंच स्तंभ उभा आहे, त्याचेच हे जुने खांब. 1944 साली स्तंभ पाडला, पाच वर्षांनी नवा खांब घालून पुन्हा उभा केला, आणि मोडका खांब फेकून न देता तिथेच ठेवला. त्याच्या तुटक्या कडेवरून हात फिरवला. दगड उन्हाने तापलेला होता. पुढे सेंट जॉन कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीत एक लोखंडी साखळपट्टा जडवून ठेवलाय. जर्मनांनी स्फोटकं भरून सोडलेल्या गाडीचा तो पट्टा. ज्यांनी घरं पुन्हा बांधली त्यांनी काय मोडलं होतं हेही लपवलं नाही. याला खोटं कसं म्हणायचं?

पाऊण तास संपला, बस मॉलकडे गेली आणि आम्ही द्वुगा रस्त्याने चालायला लागलो. वाटेत उठावाचं मोठं स्मारक लागतं. याच भागातून लढणारी हजारो माणसं गटारांत उतरून निसटली होती. त्यानंतर क्रासिन्स्की बाग. बागेच्या पलीकडे जनरल अँडर्स रस्ता आहे. तिथे इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईचं स्मारक आहे, पांढऱ्या संगमरवराची, डोकं नसलेली पंखवाली विजयदेवता. त्याच्याच जवळ आपला फलक.

"आपला" हा शब्द लिहिताना अजूनही घसा दाटतो. पोलंडच्या राजधानीत, ट्रामच्या रस्त्याला लागून, कोल्हापूरचं नाव आहे.

आमच्याकडे लग्न ठरलं की बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. माझाही बस्ता तिथलाच. सिंधी व्यापाऱ्यांची कापडाची दुकानं, गाद्यांवर बसून चहा पीत साड्या उलगडून बघायच्या, दुपारी गाठोडी घेऊन परत. गांधीनगर म्हणजे घाऊक कापड, एवढंच मला तिशी ओलांडेपर्यंत माहीत होतं. फाळणीनंतर सिंधी निर्वासित जिथे येऊन राहिले, ती वळिवड्याची छावणी मुळात पोलंडच्या लोकांसाठी उभी राहिली होती, हे मला ना शाळेत कुणी सांगितलं ना घरी. याचं मला वाईट वाटतं, आणि शाळेपेक्षा घराचं जास्त.

1940 आणि 1941 साली रशियाने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवली. पुढे पोलिश जनरल अँडर्सने त्यांच्यातूनच सैन्य उभं केलं आणि 1942 साली सैनिकांबरोबर बायकामुलांनाही इराणात आणलं. पुरुष लढत लढत मोंते कासिनोपर्यंत गेले. बायका, मुलं, म्हाताऱ्यांपैकी सुमारे 5 हजार जण कोल्हापूर संस्थानात आले आणि 1943 ते 1948 वळिवड्याला राहिले. शाळा, दवाखाना, चर्च, नाटकं, सगळं तिथे होतं. म्हणून हा फलक अँडर्सच्याच रस्त्यावर, त्या लढाईच्या स्मारकाजवळ आहे. जागा फार विचाराने निवडली आहे.

वडिलांना, म्हणजे आण्णांना, व्हिडिओ कॉल लावला. कोल्हापुरात साडेसात वाजले होते, ते जेवायला बसणार होते.

"आण्णा, बघा काय लिहिलंय."

त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर वाचलं. "कोल्हापूर? तिथं?"

"वळिवड्याच्या कॅम्पाचं आहे."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमची आई दूध घालायची की तिथं. एका बाईकडं रोज जायाची. ती बाई 'किती?' एवढंच मराठीत इचारायची म्हणं. जाताना आईला पत्र्याचा डबा दिऊन गेली. तुझी आई गुंड्या ठेवती बघ त्यात."

तो डबा! निळा, झाकणावरचं चित्र घासून गेलेला. शाळेच्या झग्याची गुंडी तुटली की मी त्यातच हात घालायची. चाळीस वर्षं तो आमच्या कपाटात आहे आणि तो कुणाचा हे मला वॉर्सात उभं राहून कळलं.

"आण्णा, कधी बोलला नाहीत तुम्ही?"

"तू कधी इचारलंस?" मग जरा थांबून म्हणाले, "चार फुलं तर ठेव गं."

फुलांचं दुकान शोधत दोन चौक चालावं लागलं. मी चार बोटं दाखवून पांढरी कार्नेशन मागितली. दुकानातली बाई थबकली आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, स्मशानासाठी का? तिकडे भेट द्यायला फुलं विषम आकड्यात नेतात, सम आकडा गेलेल्यांसाठी. स्मारकासाठी, मी म्हणाले. तिने मान हलवली आणि चारच बांधून दिली. फुलं ठेवताना फोन चालूच होता. आण्णा तिकडे हात जोडून बसले होते.

ठरलेल्या जागी पोचायला आम्हाला वीस मिनिटं उशीर झाला. बसमधले लोक वैतागले होते आणि त्यांचं बरोबरच होतं. मी माफी मागितली आणि उशीर का झाला ते सांगितलं. मागच्या सीटवर सांगलीचे एक काका-काकू होते. काकू उठून माझ्याजवळ येऊन बसल्या. "आमचा पण बस्ता गांधीनगरचाच," म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडून रस्ता कागदावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी विमानतळाला निघण्याआधी, सकाळी नाश्ता सोडून, दोघं मेट्रोने तिकडे जाऊन आले.