चेतारा: खाऱ्या माशाच्या गावात एक दिवस

इटलीतल्या अमाल्फी किनाऱ्याला जाऊन आलेली माणसं पोझितानोचे फोटो दाखवतात. आम्हीही तिथे गेलो, गर्दीत चेंगरलो, आणि दोन लिंबू सरबतांचं बिल पाहून आईने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. आमच्या घरात अजून निघतो तो विषय मात्र चेताराचा. सालेर्नो शहरापासून जेमतेम दहा किलोमीटरवरचं, दोन हजार वस्तीचं मच्छीमारांचं गाव.

आई मालवणची. मे महिन्याच्या शेवटी गेलो होतो. बसमधून उतरून बंदराकडे चालायला लागलो तशी ती थांबली, नाक वर करून म्हणाली, "ह्यो तर आपल्या खाऱ्या माशाचो वास गो!" आणि पुढचा अर्धा दिवस वाट तीच दाखवत होती.

वास होता आलीचीचा, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातल्या एका लहान चंदेरी माशाचा. वसंत ऋतूपासून जुलैपर्यंत सालेर्नोच्या आखातात रात्री दिवे लावून, जाळ्याचा वेढा घालून तो पकडतात. त्याच्यापासून इथे 'कोलातुरा' बनतो. मुंडी आणि आतडी हाताने काढायची, मग लाकडी पिंपात एक थर मासा, एक थर मीठ. या छोट्या पिंपाला 'तेर्त्सिन्यो' म्हणतात. वर लाकडी झाकण आणि त्यावर समुद्रातले गोटे. दाबाने पाणी सुटतं. जुन्या रीतीप्रमाणे ते काढून काचेच्या भांड्यात उन्हात आटवतात आणि पुन्हा पिंपात ओततात. मासा निदान नऊ महिने मुरला की पिंपाला खालून भोक पाडायचं. थरांतून झिरपत जे थेंब पडतात तो कोलातुरा. रंग काकवीला पाणी घातल्यासारखा.

रोमन लोकांचा 'गारुम', म्हणजे आंबवलेल्या माशांचा खारा रस, याचा पूर्वज मानतात. मध्ययुगात इथल्या मठातल्या साधूंनी पिंपात मासा खारवायची रीत पुन्हा रुजवली, अशी गावची परंपरा सांगते. २०२० मध्ये कोलातुराला युरोपीय संघाचं 'डीओपी' हे मूळस्थानाचं मानांकन मिळालं, आपल्याकडच्या जीआयसारखंच. त्यामुळे बाटली घेताना त्यावरचा लाल-पिवळा गोल शिक्का बघा. त्याशिवायच्या बाटल्याही मिळतात, त्या वाईट असतीलच असं नाही, पण पहिली बाटली शिक्क्याचीच घ्यावी.

एका छोट्या दुकानात मालकीणबाईंनी पावाच्या तुकड्यावर एक थेंब दिला. एकच! आधी खारट, मग माशाचं सार जिभेवर बराच वेळ. बाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि आईला मराठीशिवाय बोलायचं नव्हतं. तरी मीठ किती, गोटे केवढे, मुंड्यांचं काय करता, हे सगळं हातवाऱ्यांनी विचारून झालं. मी नुसती पिशवी धरून उभी.

बाकी गाव पाहायला दोन तास पुरतात. संत पीटरचं चर्च, त्याचा रंगीत मजोलिका (चकचकीत भाजलेल्या मातीच्या) टाइल्सचा घुमट, वर डोंगरात लिंबांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बागा. किनाऱ्यालगत टेहळणीचा दगडी बुरूज आहे. १५३४ मध्ये तुर्की आरमाराने इथून सुमारे ३०० माणसं गुलाम म्हणून धरून नेली. हे कळल्यावर बुरुजाकडे नुसती फोटोची जागा म्हणून बघवत नाही. बंदरात मोठ्या ट्यूना बोटी दिसल्या. त्यांचा बराचसा मासा जपानच्या बाजारात जातो, पण तेलातल्या ट्यूनाच्या बरण्या गावातही मिळतात. संत पीटरचा सण २९ जूनला असतो, मिरवणूक आणि दारूकाम. तेव्हा जायचं तर मुक्कामाची सोय फार आधी करा.

आता जाण्यायेण्याचं. चेताराला रेल्वे नाही. नेपल्सहून आगगाडीने सालेर्नो, तिथून अमाल्फीकडे जाणारी बस. तिकीट 'ताबाक्की'त, म्हणजे पानतंबाखूच्या दुकानात आधीच काढा आणि बसमध्ये चढल्याबरोबर यंत्रात छापून घ्या. जाताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. वळणं लागत असतील तर पोट रिकामं ठेवू नका, आणि गच्चही भरू नका. उन्हाळ्याच्या मोसमात सालेर्नोहून बोटही असते. थोडी महाग, पण पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. समुद्र खवळला तर मात्र रद्द होते.

आमची चूक परतीला झाली. संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन बसेस खचाखच भरून आल्या आणि न थांबता निघून गेल्या. तासभर रस्त्याच्या कडेला उभे, आईचे गुडघे बोलायला लागलेले. वयस्कर माणूस बरोबर असेल तर परतीला बोटच धरा, आणि शेवटची नव्हे, तिच्या आधीची. आणखी एक: दुपारी दुकानं तीन-चार तास बंद असतात. खरेदी सकाळीच उरकून घ्या, मग निवांत जेवा. बिलात 'कोपेर्तो' म्हणून माणशी थोडे पैसे लागतात, त्यावरून वाद घालू नका, तशी पद्धतच आहे.

जेवायला कोलातुरा घातलेली स्पॅगेटीच मागा. लसूण, ऑलिव्ह तेल, पार्सली, जरा मिरची. बस. घरी करणार असाल तर पास्त्याच्या पाण्यात मीठ अजिबात घालू नका. मी पुण्यात सवयीने घातलं आणि सगळं पातेलं टाकून द्यावं लागलं. कोलातुरा गॅसवर शिजवायचा नाही, गॅस बंद केल्यावर वरून घालायचा, माणशी छोटा चमचा. बाटली चेक-इनच्या बॅगेत, दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गाठ मारून, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवा. आमची एक बाटली किंचित पाझरली आणि माझ्या निळ्या कुर्त्याला तीन धुण्यांनंतरही वास होता. आईला तो आवडतो.