६०० एमएमचा बॅक फोकस आणि बॉडीचं विस्कटलेलं गणित

मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं की पक्ष्यांसाठी निकॉनचा डी५०० कॅमेरा पक्का, आता मॅक्रो (किड्यांसारख्या चिमुकल्या गोष्टी जवळून टिपणं) आणि रात्रीचं आकाश यांच्या बॉड्यांकडे, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांकडे, वळू. वळणं राहिलं बाजूला. १५०-६०० एमएमची लांब पल्ल्याची झूम लेन्स डी५००वर चढवली आणि पहिल्याच सकाळी समोर तोंड करून बसलेल्या खंड्याची शेपटी कडक शार्प, डोळा मात्र मऊ, म्हणजे धूसर. फोकस हव्या त्या जागेच्या मागे पडतो, हाच बॅक फोकस. एखादी फ्रेम असती तर सोडून दिली असती. इथे बर्स्टच्या बर्स्ट (बटण दाबून धरल्यावर सलग निघणाऱ्या फ्रेम) तशा. सेकंदाला १० फ्रेमचा वेग आणि एक्सक्यूडी या वेगवान मेमरी कार्डावर सलग २०० रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम पेलणारा बफर, दोन्ही चुकीच्या ठिकाणी इमानेइतबारे राबत होते.

शटर १/२००० होतं, त्यामुळे हात हलण्याचा प्रश्न नव्हता. मग ट्रायपॉड लावून तीच फांदी, तोच उजेड, तीच ६०० एमएम, फक्त लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून, फोकस. सालीची एकेक भेग मोजून घ्यावी इतका फोटो स्वच्छ. म्हणजे काच ठणठणीत, गडबड फेज डिटेक्शनची, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून बघताना चालणाऱ्या ऑटोफोकसची. आरशाच्या कॅमेऱ्याचं हे जन्मजात दुखणं आहे. मुख्य आरसा मधोमध थोडा पारदर्शक असतो. त्यातून पार झालेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर पडून खाली, तळाशी बसवलेल्या एएफ (ऑटोफोकस) सेन्सरकडे जातो. लेन्सपासून तिथवरचं अंतर आणि लेन्सपासून मुख्य सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. केसभर फरक पडला की कॅमेरा 'फोकस लागला' म्हणून हिरवा ठिपका दाखवतो आणि फोटो मागे किंवा पुढे शार्प येतो. लाइव्ह व्ह्यू थेट मुख्य सेन्सरवर बघून फोकस करतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

हा फरक १५० एमएमला दिसत का नाही, याचा हिशोब करून बघा. १० मीटरवर १५० एमएम आणि एफ/५ ठेवलं तर डी५०० सारख्या क्रॉप (पूर्ण फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरवर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे शार्प दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, ढोबळमानाने ९० सेंटीमीटर मिळते. त्याच अंतरावर ६०० एमएम, एफ/६.३ ला उरतात जेमतेम ७ सेंटीमीटर, तीही पुढे-मागे वाटून. किट लेन्सवर जन्मभर पोटात राहील अशी चूक लांब टेली पहिल्याच क्लिकला बाहेर काढते.

मग चाचण्या. तिरका कागद ठेवून त्यावर फोकस करायची पद्धत सगळीकडे सांगतात. ती मला पटत नाही. व्ह्यूफाइंडरमधला चौकोन दिसतो त्यापेक्षा एएफ सेन्सरची खरी पट्टी मोठी असते, आणि तिरक्या कागदावर ती नेमकी कुठल्या ओळीला चिकटली हे कळायला मार्ग नाही. मी फोकससाठी सपाट, ठळक नक्षीचा पुठ्ठा सेन्सरला समांतर उभा केला आणि मोजमापाची पट्टी त्याच्या शेजारी तिरकी लावली. स्टॅबिलायझर बंद, आरसा आणि शटर यांचा धक्का टाळायला मिरर-अपसोबत इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन चालू. प्रत्येक क्लिकआधी फोकस मुद्दाम बिघडवायचा, एकदा जवळच्या टोकाला, एकदा अनंताला. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग आकडे गोड गोड येतात. ऊन चढायच्या आत उरकायचं, कारण तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरायला लागली की ६०० एमएमच्या चाचणीला काही अर्थ उरत नाही.

प्रकाशाच्या रंगाचाही घोळ आहे. पिवळ्या टंगस्टन दिव्याखालचे आकडे आणि उन्हातले आकडे जुळत नाहीत, कारण वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश लेन्समधून नेमका एकाच जागी गोळा होत नाही आणि एएफ सेन्सर ते रंग मुख्य सेन्सरसारखे तोलत नाही. पक्षी उन्हात, तर चाचणीही उन्हात.

फाइन ट्यून म्हणजे ऑटोफोकस आकड्याने पुढे-मागे सरकवायची मेनूतली सोय; उणे आकडा फोकस कॅमेऱ्याकडे ओढतो. डी५०० मध्ये ऑटो एएफ फाइन ट्यून आहे. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून एएफ-मोड आणि मूव्ही ही दोन बटणं धरून ठेवली की कॅमेरा स्वतःच आकडा काढतो. सोय झकास, पण तो आकडा दर वेळी थोडा उड्या मारतो. पाच-सहा वेळा काढून मधला घ्यावा. ४०० एमएमला मला -४ च्या आसपास मिळत होतं. ६०० ला २५ मीटरवर -३, म्हणजे जवळपास तेच. आणि ६०० लाच ९ मीटरवर थेट -११!

इथे खरी अडचण सुरू झाली. फाइन ट्यूनसाठी निकॉनची ही बॉडी १२ प्रकारच्या लेन्स लक्षात ठेवते, पण प्रत्येकीसाठी एकच आकडा. झूम कुठे आहे, पक्षी किती लांब आहे, याची तिला फिकीर नाही. -११ ठेवला की लांबचे बगळे पुढे फोकस होतात, -३ ठेवला की जवळचा खंड्या मागे. पुस्तकी सल्ला सहसा फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट अंतरावर चाचणी घेण्याचा असतो. ६०० ला ते होतं १५ ते ३० मीटर. आडोशात बसून ८-१० मीटरवर येणारा पक्षी टिपणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य.

मित्राच्या डी८५० वर (निकॉनचीच, पूर्ण फ्रेमची बॉडी) हीच लेन्स लावून पाहिली. चूक त्याच दिशेची, पण कमी. म्हणजे जवळच्या अंतराचा घोळ मुळात लेन्सचा आणि त्यात माझ्या बॉडीने आपली भर घातलेली. सुटी बॉडी तपासली तर निर्दोष ठरेल, लेन्सही ठरेल, जोडी मात्र जमत नाही. एकूण गुण जुळले पण नाडी अडली, असला प्रकार.

सुटका केली लेन्स कंपनीच्या यूएसबी डॉकने (लेन्स संगणकाला जोडायचं उपकरण). सिग्मा काय, टॅमरॉन काय, दोघांच्याही आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीच्या बऱ्याच लेन्सना अशी सोय आहे: प्रत्येक फोकल लेंग्थला वेगवेगळ्या अंतरांसाठी वेगवेगळे आकडे थेट लेन्सच्या पोटात लिहायचे. काम किचकट आहे. लेन्स काढा, डॉकवर फिरवा, आकडा लिहा, पुन्हा बॉडीवर चढवा, पुठ्ठ्यावर फोकस, संगणकावर १०० टक्के मोठं करून बघा, पुन्हा काढा. सॉफ्टवेअर बघून तर ते बनवणाऱ्याने कधी पक्षी टिपला नसावा याची खात्री पटते. बॉडीतला आकडा आधी शून्यावर आणा, नाहीतर दोन दुरुस्त्या एकमेकींवर बसतात आणि डोक्याचा भुगा होतो. डॉकचे आकडे आणि बॉडीचे आकडे एकाच मापाचे नाहीत हेही ध्यानात ठेवा. -११ जसाच्या तसा उचलून लिहू नका.

पण त्यानंतरचा खंड्या! ९ मीटरवर, ६०० ला, एफ/६.३ वर. बुबुळात समोरच्या पाण्याची चकाकणारी रेघ आणि पापणीच्या कडेची बारीक पिसं सुटी सुटी. शेपटी छान मऊ. बर्स्टमधल्या सगळ्या फ्रेम तशा नाहीत, पण बहुतेक आहेत आणि चुकलेल्या दोन्हीकडे चुकतात, एकाच बाजूला नाही. असं विखुरणं म्हणजे जुळवणी बरोबर बसल्याची खूण. त्या फाइली मी कारण नसताना पुन्हा पुन्हा उघडून बघतोय.

आता यातून निघालेला मुद्दा, कारण 'अमुक बॉडी घेऊ का' हा प्रश्न सारखा येतो. लांब टेली लावायची असेल तर मेगापिक्सेल नंतर बघा, आधी मेनूत फाइन ट्यून आहे का ते बघा. डी३५००, डी५६०० मध्ये नाही. डी७२००, डी७५०० मध्ये आहे. कॅननमध्ये ७०डी, ८०डी, ७डी मार्क २ मध्ये आहे, ८००डीमध्ये नाही. ५०डीमध्ये असलेली सोय ६०डीमधून काढून घेतली होती, त्याचा राग जुन्या मंडळींना अजून असेल. कॅननने २०१२ च्या ५डी मार्क ३ पासून झूमच्या दोन टोकांना दोन आकडे दिले, ही माझ्या मते निकॉनवर सरळ मात. अंतराचा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही. जुन्या बॉड्या विकणारे शटर काउंट (आजवर झालेले क्लिक) तोंडपाठ सांगतात. डी५०० चं शटर २,००,००० क्लिकसाठी तपासलेलं आहे हेही सांगतात. एएफच्या जुळवणीबद्दल चकार शब्द नाही. तुमची लांब लेन्स सोबत घेऊन जा आणि लाइव्ह व्ह्यू विरुद्ध व्ह्यूफाइंडर अशा दोन फ्रेम तिथेच काढा. विक्रेता कुरकुरला तर पुढचं दुकान बघा.

मित्राचा डी८५० हातात घेतल्यापासून डोक्यात भुंगा शिरलाय तो वेगळाच. त्याच्या ४५.७ मेगापिक्सेलमधून डीएक्स क्रॉप (डी५०० च्या सेन्सरएवढा मधला भाग) काढला तर साडेएकोणीस उरतात. डी५०० चे २०.९. पिक्सेलचा आकारही जवळपास तोच, म्हणजे पक्ष्यावर पडणारे पिक्सेल जवळजवळ सारखे. एएफही तसाच १५३ बिंदूंचा, वर पूर्ण फ्रेममध्ये उडता पक्षी पकडायला आजूबाजूला मोकळी जागा. वेग ७ चा, तो ग्रिप आणि मोठी बॅटरी लावून ९ वर जातो. मग पक्षी आणि आकाश दोन्ही एकाच बॉडीवर का नको? मागच्या नोंदीत आकाशासाठी डी७५० वर टिक केली होती ती तूर्त पेन्सिलीची समजा. पेंटॅक्स के-१ चा ॲस्ट्रोट्रेसर अजूनही भुरळ घालतो, जीपीएसच्या आधारे सेन्सरच ताऱ्यांमागे सरकतो. पण एका करामतीसाठी आणखी एक माउंट (लेन्स जोडायची वेगळी पद्धत) सांभाळणं झेपणार नाही. तांबड्या नेब्युलांच्या (तेजोमेघांच्या) ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशासाठी २०१५ साली आलेला डी८१०ए हा तर वेगळाच छंद, तो सध्या बंद कपाटात.

मॅक्रोचं लिहिताना एक सुचलं. तिथे मी फोकस हाताने करतो, किंवा कॅमेराच पुढे-मागे सरकवतो. म्हणजे फाइन ट्यून असली काय, नसली काय. मग वर पक्ष्यांसाठी बाद केलेला डी५६०० इथे चपखल बसतो: हलका, आणि पडदा बाजूला उघडून हवा तसा फिरतो. जमिनीलगतच्या किड्याचा उभा फोटो काढताना डी५०० चा नुसता वर-खाली कलणारा पडदा काही कामाचा नाही. बॉडीत फोकस मोटर नसल्याने जुन्या एएफ-डी मॅक्रो लेन्सवर ऑटोफोकस चालणार नाही, पण तो हवाय कुणाला? मिरर-अप मोड नाही हे खरं. पण फ्लॅशच्या उजेडात काढायचं तर आरशाचा धक्का गौण. मॅक्रोसाठी कॅननच्या ८०डीचा विचार करत होतो तो यामुळे जवळपास मावळला.

टेलिकन्व्हर्टरचा (लेन्सचा पल्ला वाढवणाऱ्या जोडकाचेचा) बेत मात्र रद्द. एफ/६.३ वर १.४एक्स लावला की एफ/९ च्या घरात जातो. डी५०० चे मधले १५ बिंदू एफ/८ पर्यंतची हमी देतात, त्यापलीकडे सगळं रामभरोसे.

१५०-६०० डी८५० वर वापरणाऱ्या कुणी डॉकमध्ये आकडे भरले असतील तर ६०० एमएमचे, तेही १० मीटरच्या आतले, कळवा. अंतर सेन्सरपासून मोजलंत की लेन्सच्या तोंडापासून, हे सोबत लिहा. नाहीतर तुलना करता येणार नाही.